तिखट पाला आणि नानांचं ‘छान’

ती. ताईंना,

वाकून नमस्कार. (वाकून हे अगदी शब्दशः घ्या. कंबर धरली आहे, ताठ उभं राहून कुणालाही काहीही करणं सध्या जमत नाही.) तुमचे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला गेला का, की अजून फोनवर त्यांच्याआधी तोच बोलतो? इकडे सगळे मजेत, असं लिहून मोकळी होणार होते, पण मी अजून धक्क्यातून बाहेर आलेली नाही. ताई, तुमच्या वडिलांनी जेवणाला नाव ठेवलं. आधी घोटभर पाणी प्या, मग पुढचं वाचा.

तुमच्या माहेरची रीत मी तुम्हाला काय सांगायची! ताटात आलेल्या पदार्थाला वाईट म्हणायचं नाही, फार तर ‘वेगळं झालंय’ म्हणायचं. आईंनी घालून दिलेला हा दंडक लग्नानंतर मला इतका आवडला की मी माझ्या माहेरी फोन करून सांगितला होता. (तिकडे मीठ कमी पडलं की आधी भांडण, मग जेवण.) पण आई गेल्या, नाना आमच्याकडे राहायला आले, आणि ते ‘वेगळं’सुद्धा म्हणेनात. सगळंच ‘छान’. दोनदा मीठ पडलेली भाजी छान, मीठ विसरलेली भाजीही छान. एकदा मी मुद्दाम चहात पावडरच घातली नाही, नुसतं गरम दूधपाणी दिलं. तेही छान. जेवण झालं की खुर्ची भिंतीकडे वळवून बसायचे. ‘छान’ ऐकलं की घरात माणूस आहे की नाही तेच कळायचं नाही. म्हणून तर तुम्ही बहीणभावांनी ठरवलं की जागा बदलून बघू, महिनाअखेर तुम्ही येऊन त्यांना घेऊन जाल. मीही मान डोलावली. माळ्यावरून त्यांची मोठी बॅग काढून पुसूनही ठेवली.

आता पाल्याकडे येते. यांचं रक्तदाबाचं सुरू झाल्यापासून डॉक्टरांनी कच्चा पाला खायला सांगितलाय, म्हणून हे बियांच्या दुकानातून रॉकेट नावाच्या सॅलडच्या पाल्याचं पाकीट घेऊन आले. मिऱ्यासारखी चव, असं पाकिटावर लिहिलेलं. (नाव आणि चव एकत्र वाचून कुठलीही शहाणी बाई सावध झाली असती.) तर यांनी सकाळी परसात खोक्यांमध्ये बी पेरलं आणि कामावर गेले. सांगितलं नाही, कारण केलेलं काम बोलून दाखवायचं नाही ही तुमच्या घराण्याची दुसरी रीत. मी चष्म्याच्या दुकानातल्या नोकरीवरून दुपारी घरी आले, पाकिटात बी शिल्लक दिसलं, तेही त्याच खोक्यांत पेरलं. मीही सांगितलं नाही, इतकी वर्षं इथे काढल्यावर सवय लागते. उगवलं ते असं दाटीवाटीनं की मातीच दिसेना. मधली रोपं उपटून टाका, असं पाकिटावर होतं, पण चांगलं उगवलेलं उपटायला माझा हात होईना. मग त्यावर काळे टणाटण उडणारे किडे आले आणि पानांची चाळणी झाली. मग ऊन वाढलं आणि पाला एकदम गुडघ्याएवढा उंच होऊन त्याला पांढरी फुलं आली. मला वाटलं, खूश झालाय. (उन्हानं तो लवकर फुलावर येतो आणि मग पानं जिभेवर ठेवायच्या लायकीची राहत नाहीत, हे दुकानदारानं सांगितलं, पण ते सगळं उरकल्यावर.)

मी तो सगळा कापला, मोठ्या भांड्यात भरला, वर लिंबू पिळलं आणि वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंनाही जेवायला बोलावलं. पहिला घास यांनी घेतला. कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी आलं, पण तुमचे बंधू शेवटी आईंचेच चिरंजीव. ‘वेगळं आहे’ म्हणून त्यांनी दुसरा घास घेतला. शिवणवाल्या बाई नवीन चव आहे म्हणाल्या आणि मग बराच वेळ रुमालातच होत्या. मी आपली फुशारून नानांच्या ताटात वाढलं. त्यांनी एक पान चावलं, थांबले, चमचा खाली ठेवला आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, ‘हे अतिशय वाईट आहे.’

ताई, यांच्या हातातला पेला सुटला. शिवणवाल्या बाईंनी माझा हात धरला. आणि नाना थांबेनातच. फुलावर आलेला पाला कोण वाढतं, इतका दाट कोण पेरतं, भर उन्हात कोण ठेवतं, सगळं बोलले. इतकी वाक्यं मी त्यांच्या तोंडून सलग कधी ऐकली नव्हती. मला भयंकर राग आला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि मधेच लक्षात आलं की आपण हसतोय.

दुसऱ्या दिवशी उठून बघते तर परस रिकामं. नानांनी सगळा पाला मुळासकट उपटला होता आणि पलंगाखालची हत्यारांची पेटी बाहेर आली होती. तुमच्या वडिलांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, हे मी विसरूनच गेले होते. त्यांनी पाल्यासाठी लिफ्ट बांधली. वरच्या गॅलरीच्या कठड्याला कप्पी, तिच्यावरून दोर, दोराच्या एका टोकाला नव्यानं पेरलेली खोकी, दुसऱ्या टोकाला तोलाचं वजन. सकाळी खोकी खाली कोवळ्या उन्हात, दुपारी वर गॅलरीच्या सावलीत. आधी वजन म्हणून माझी इस्त्री लावली. ती हलकी पडली. (शेवटी काय लावलं ते पुढे सांगते, एका दमात सगळं पेलवणार नाही.) पहिल्याच फेरीत दोर कपडे वाळत घातलेल्या तारेत अडकला आणि यांची कामावरची पँट वर निघाली. शिवणवाल्या बाई एका गिऱ्हाइकाचं माप घेत होत्या. खिडकीत आधी पँट आली, मागून खोकी. गिऱ्हाइकानं जे किंचाळून घेतलं त्यानंतर ते परत आलेलं नाही.

आता रोज हेच. चहा पांचट आहे, भाजी शिजलेली नाही, दाराची बिजागरी कुरकुरते, मी फार मोठ्यानं बोलते. काल तर म्हणाले, आईंची एक भाजी त्यांना कधीच आवडली नव्हती. कुठली ते सांगितलं नाही. नुसते हसले, आणि मग बराच वेळ खोकी वरखाली करत बसले. माझे कान किटले आहेत. असं हे सगळं आहे, म्हटलं तुमच्या कानावर घालावं.

भाऊजींना नमस्कार.

तुमची भावजय

ता. क. खरं काम आता लिहिते. महिनाअखेर नक्की या, पण नानांना न्यायला नको. राहायला या, हवं तितकं राहा. बॅग भरणं शक्य नाही. तोलाला शेवटी तीच लागली आहे, आत विटा भरून. ती सोडली तर खोकी खाली येतील, आणि पाला आत्ता कुठे दोन बोटं वर आलाय.

ता. क. २ नानांनी हे पत्र चष्मा लावून पूर्ण वाचलं. म्हणाले, फार पाल्हाळ आहे, अक्षर गचाळ आहे, आणि लिफ्टचं वर्णन साफ चुकलंय. ताई, मला इतकं बरं वाटलं की तसंच पाठवते आहे.