एकोणतीसचा पाढा

४ मार्च, सोमवार

भुताच्या पायात चप्पल असते का? — सकाळभर हाच वाद! दिग्दर्शिका म्हणते, असते. मी म्हटलं, मग पडद्यावर अनवाणी कशाला चालवलंस? जे पाय दिसतील त्यांचाच आवाज मी काढणार. सिनेमातल्या पावलांना, दारांना, भांड्यांना आवाज द्यायचे, छत्तीस वर्षं हेच करते आहे. शेवटी ओल्या फरशीवर अनवाणी चालले. भूत बरं चाललं.

गोष्ट अशी — श्रद्धा उडालेला एक धर्मगुरू, रिकामं प्रार्थनागृह, आणि आत कुणी नसताना ऐकू येणारी प्रार्थना. ती पुटपुट उद्या करायची. "मावशी, तुमचाच आवाज हवा." मी कुणाची मावशी नाही, असं सांगितलं. हसली. दात चांगले आहेत.

५ मार्च

पुटपुट झाली. प्रार्थना म्हटली नाही. माझी मुलगी गेली त्या दिवसापासून, एकतीस वर्षांत म्हटलेली नाही; सिनेमासाठी कशाला म्हणू? पुटपुटीत शब्द कुणाला कळतात! नुसता सूर लागतो. एकोणतीसचा पाढा म्हटला. काचेपलीकडून कानसेनने अंगठा वर केला. (आमचा ध्वनिमुद्रक. तानसेन होणं जमलं नाही म्हणून कानसेन झालो, असं स्वतःच सांगत फिरतो.)

घरी येऊन ताईला भरवलं. चार घास. उजवं अंग गेलं आहे, आठ महिने वाचाही नाही. डोळे मात्र सारखे माझ्यावर. काय हवंय ते ठाऊक आहे मला. पहिल्या झटक्यानंतर जीभ चालत होती तेव्हा म्हणाली होती — "मी जाताना प्रार्थना तू म्हण. सात तर ओळी आहेत." मी म्हटलं, "मला खोटं बोलायला लावू नकोस." दोन दिवसांनी दुसरा झटका आला.

आमचं शेवटचं बोलणं ते.

७ मार्च

कानसेनचा फोन. "बाई, परवा आत तुमच्यासोबत कोण होतं?"

कोणी नव्हतं.

"मग ही दुसरी बाई कोण?"

भिंतीवरून माझाच आवाज परत आला असेल, म्हटलं. "भिंतींना गाद्या ठोकल्यात बाई! शिंकसुद्धा परत येत नाही." उद्या येते, म्हटलं. आणि चहा जरा कमी पीत जा.

८ मार्च

ऐकलं. तीनदा ऐकलं. दुसरा आवाज माझ्या मागून चालतो, अर्धा शब्द उशिरा. एकोणतीस सत्तेपर्यंत दोघी बरोबर. आठवर मी चुकले आहे — दोनशे बावीस म्हणून मोकळी! तो आवाज थांबतो. मग सावकाश म्हणतो, दोनशे बत्तीस.

लहानपणीही आठवरच अडायचे. ताई मागे बसून माझी वेणी घालायची. चुकलं की वेणीला हिसका. पाढे आणि प्रार्थना, दोन्ही तिनेच शिकवले, एकाच बैठकीत.

आवाज तिचा आहे. आजारपणाच्या आधीचा.

कानसेन म्हणाला, "पुसू का?" दिग्दर्शिका ओरडली, "वेडा आहेस का? हाच तर हवा होता!" मी म्हटलं, दुसरी बाई ठरली नव्हती, पुन्हा घेऊ. तिथेच उभी राहून एकटीने एकवीसचा म्हटला. तो येतो मला. आधीचा तुकडा कानसेनकडून फोनवर घेतला आणि त्याच्याकडचा पुसायला लावला. दिग्दर्शिका फुरंगटली. फुरंगटू दे. ताईचा आवाज भुताला द्यायचा नाही.

९ मार्च

ताईच्या कानाशी फोन धरला. आठ आल्यावर हसली — निम्म्याच तोंडाने, पण हसली! डावा हात उचलून माझ्या मानेमागे चाचपडत राहिली. वेणी कुठली आता? केस कापून वीस वर्षं झाली.

डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस नाहीत.

दुपारी प्रार्थना आठवून पाहिली. म्हटली नाही, नुसती आठवली. दोन ओळी येतात. तिसरी काही केल्या येत नाही. चला, प्रश्नच मिटला.

१० मार्च

प्रश्न मिटलेला नाही.

११ मार्च

आज म्हणणार होते. दोन ओळी तर दोन ओळी. तिच्या उशाशी खुर्ची ओढून बसले. तिने डोळे मिटून घेतले, ऐकायला तयार. तोंड उघडलं आणि तेच मनात आलं — विश्वास नाही, मग हे कुणाला सांगते आहेस? उठले. तिचं पांघरूण सारखं केलं. ते आधीच सारखं होतं.

१२ मार्च

ताई सकाळी सहाला गेली. मी तेव्हा गच्चीत तिच्याच चादरी वाळत घालत होते.

सातला तिच्या पलंगावर बसले. तिच्याकडे पाठ करून, लहानपणी बसायचे तशी. दोन ओळी म्हटल्या. तिसरीला अडले.

मानेपाशी केसांना हिसका बसला.

सातही ओळी म्हटल्या.