सरावापुरती काडतुसं

अण्णा, परवा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एका मुलीने मला विचारलं की पोलादी पुंगळीची काडतुसं सरावाला चालतात का. मुलगी नागपूरची, आमच्याकडे नवीन आहे. महादेवपुऱ्यात मैत्रिणींबरोबर राहते आणि रविवारी एका क्लबात रायफल शिकते. मीही एके काळी रायफल चालवायचे, हे तिला कोणीतरी सांगितलं असावं. "मॅम, पितळेची फारच महाग पडतात हो. ही स्टीलवाली स्वस्तात आलीयेत क्लबमध्ये. सर म्हणतात घे, बाकीचे म्हणतात रायफलची वाट लागेल." मी म्हटलं, चालतात. पोलाद पितळेसारखं फुगत नाही, म्हणून धूर मागे येतो, आतून लवकर काळं होतं, एखादी पुंगळी अडकून बसते. दर वेळी नीट पुसून ठेव, आणि स्पर्धेला मात्र पितळेचीच घे. ती "थँक्यू मॅम" म्हणाली आणि डबा उचलून गेली. ते उत्तर माझं नव्हतं, तुमचं होतं. ज्या दिवशी तुम्ही ते दिलंत त्या दिवसाबद्दल आपण दोघं पुन्हा कधी बोललो नाही.

येलहंक्याच्या पुढची ती नेमबाजीची रेंज आता नाही. निलगिरीची झाडंही नाहीत, तिथे इमारती आहेत. हवाई दलातून निवृत्त झाल्यावर तुम्ही दर रविवारी तिथे जायचात, आधी स्वतः मारायचात आणि मग इतरांना शिकवायचात. घरात तुम्ही अण्णा, आणि तिथेही सगळ्यांचे अण्णाच. मला मात्र चारचौघांत पुट्टी, म्हणजे छोटी, म्हणू नका असं मी कितीदा सांगितलं होतं. कॉलेज संपून नोकरी लागली तरी तुम्ही रेंजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं "पुट्टी, कोपर आत" म्हणून ओरडायचात. मारून झालं की निशाणाचा कागद उन्हात धरायचात आणि भोकांमधून येणारा उजेड दाखवायचात. स्वस्त काडतुसात दारू कमी-जास्त भरलेली असते, तुम्ही सांगायचात. कमी असली की गोळी खाली बसते, जास्त असली की वर. म्हणून काडतूस वाईट असलं तर भोकं उभी पसरतात. आडवी पसरली तर काडतुसाला शिव्या घालायच्या नाहीत, आपला हात बघायचा. आपल्या रेंजला दोन्ही बाजूंनी उंच भिंती होत्या. वाऱ्याकडे बोट दाखवायची सोय नव्हती.

त्या वर्षी पितळेची काडतुसं मिळेनाशी झाली आणि क्लबात ही पोलादी आली. करड्या रंगाची, हाताला खरखरीत. पहिल्याच रविवारी तुमचा कागद पाहून सेक्रेटरी हसले. "काय अण्णा, चाळणी केलीत की!" तुम्ही म्हणालात, माल भिकार आहे. पुढच्या रविवारीही तेच, त्याच्या पुढच्याही. घरी आल्यावर तुम्ही स्वयंपाकघरात उभे राहून आईला सांगत असायचात की पोलाद ते पोलाद, पितळेची सर येत नाही, असल्या काडतुसांवर पोरांचा हात बिघडेल. आई तव्यावरून मान न उचलता म्हणाली, "तुमची काडतुसं म्हणजे रेशनचा तांदूळ झाला. करणारीचं कधी चुकतच नाही." तुम्ही हसलात. तिने तुमच्यापुढे चहा ठेवला. कप अर्धाच भरलेला होता. गेले काही महिने ती तो अर्धाच भरत होती. "स्वल्प घ्या, मग आणखी देते," एवढंच म्हणायची. तुम्ही कारण विचारलं नाहीत, आणि तिने सांगितलं नाही.

तुमचे कागद मी पाहत होते. ते गोळा करून मीच तर ठेवायचे. भोकं आडवी पसरत होती. एका ओळीत, डावीकडून उजवीकडे. तुम्ही ते उन्हात धरेनासे झाला होतात.

मग सेक्रेटरी एका रविवारी म्हणाले, "अण्णा, तुमच्या शब्दावर सगळे खोके परत पाठवतो. पण मग पुढचा माल येईपर्यंत रेंज बंद. पोरांना काय सांगू? एकदा नक्की सांगा, चालतात की नाही." तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. तिथे इतके जण होते, माझ्यापेक्षा बरे मारणारेही होते. तुम्ही तुमची रायफल माझ्या हातात दिलीत. "पुट्टी, तू मार. याच खोक्यातली. घाई करू नकोस."

मी चटईवर पालथी पडले आहे. तुमची रायफल माझ्यापेक्षा लांब हातांच्या माणसासाठी आहे, खांद्याशी थोडं सरकावं लागतं. चटईला तेलाचा आणि धुळीचा वास आहे. तुम्ही माझ्या डाव्या बाजूला खुर्चीवर बसलेले आहात, समोर तिपाईवर दुर्बीण. दुसरी पुंगळी अडकते. मीच ती काढते. त्यानंतर काही अडकत नाही. श्वास सोडते, थांबते, बोट मागे येतं. दहाही गोळ्या संपल्यावर मी तशीच पडून राहते. तुमचा डोळा दुर्बिणीला लागलेला आहे आणि तुम्ही तो काढत नाही.

"सरी, ठीक आहे," शेवटी तुम्ही सेक्रेटरींना म्हणालात. "ठेवून घ्या माल. चालतात. सरावाला चालतात." मग तुम्ही रायफल मागितलीत, चिंधी घेतलीत आणि ती पुसायला बसलात. ती तुम्ही फार वेळ पुसलीत. कोणीतरी कागद आणून दिला. दहाही भोकं मिळून एकच भगदाड झालं होतं, रुपयाएवढं. तुम्ही तो घडी घालून माझ्या पिशवीत ठेवलात.

त्यानंतर तुम्ही चटईवर कधी पडला नाहीत. येत राहिलात, खुर्चीवर बसून शिकवत राहिलात, उजवा हात मांडीखाली दाबून. डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं ते पुढच्या वर्षी. ते नाव ऐकताना आपल्यापैकी कोणालाच नवल वाटलं नाही. मग खुर्चीही सुटली. शेवटच्या वर्षांत तुम्हाला मी भरवायचे, आणि तुम्ही माझ्या हाताकडे बघत राहायचात, चमचा तोंडाशी येईपर्यंत.

आईने एकदाच विचारलं, तुम्ही गेल्यावर. "त्या दिवशी दोन-चार इकडेतिकडे सोडल्या असत्यास तर काय बिघडलं असतं गं?" मी म्हटलं, अण्णांनी ओळखलं असतं. मुद्दाम सोडलेली गोळी त्यांच्यापासून लपली नसती, आणि मग त्यांना दोन गोष्टी गिळाव्या लागल्या असत्या. आई म्हणाली, "हो, तेही खरंच." हेच उत्तर मी इतकी वर्षं स्वतःलाही देत आले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुम्ही वाचणार नाही म्हणूनच लिहिता येतंय. अण्णा, तसं काही माझ्या मनात आलंच नव्हतं. ना तुमचा हात, ना क्लबाचे खोके. तिसऱ्या-चौथ्या गोळीनंतर मला कळलं होतं की सगळ्या एकात एक जाताहेत. इतकं चांगलं मी आधी कधी मारलं नव्हतं, नंतरही नाही. तुम्ही दुर्बिणीवरून डोळा काढलात, तेव्हा मी तुमच्या शाबासकीची वाट बघत होते.