बांध, बोअर आणि य = ३क्ष

बिडकीन, ६ जानेवारी २०२५

चि. मोनिका हिस सांडूकाकाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून पत्र. तू कॉलेजात गणित शिकवतेस, तर आमचं एक भांडण मिटव. बाबांच्या वेळचा बोअर वाटणीनंतर कुणाच्या हद्दीत गेला, यावरून तुझा बन्सीकाका आणि मी बोलत नाही. मधला बांध केव्हाच नांगरटीत गेला. आता मी थकलो, तोही थकला. त्याच्या बायकोच्या, सुरेखाच्या मध्यस्थीनं ठरलं की तू सांगशील ते दोघांनी मानायचं. ज्याच्या बाजूला बोअर, त्याचा. बरोबर रेषेवर निघाला तर सामाईक.

आमच्या कोपऱ्यात म्हसोबाचा दगड आहे. मोजणीच्या नकाशात तिथून पलीकडचा हद्दीचा दगड पूर्वेला चाळीस मीटर, उत्तरेला एकशेवीस; या दोन दगडांमधली सरळ रेषा हीच हद्द. बोअर मी स्वतः टेपनं मोजला : पूर्वेला नऊ, उत्तरेला तीस. पश्चिमेचं रान माझं. पोरांच्या कटकटीतून सवड मिळाली की बघ. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नको.

तुझा, सांडूकाका

छत्रपती संभाजीनगर, १२ जानेवारी

ती. सांडूकाकांस मोनिकाचा सा. न. वि. वि.

दिवसभर तास, घरी आल्यावर नळाची वाट बघणं आणि मग पेपर, म्हणून उशीर झाला. म्हसोबाचा दगड म्हणजे शून्य. पूर्वेचं अंतर क्ष, उत्तरेचं य. चाळीसच्या तिप्पट एकशेवीस, म्हणून तुमच्या हद्दीचं समीकरण य = ३क्ष. रेषेवरच्या बिंदूचे आकडे यात घातले की दोन्ही बाजू सारख्या येतात, बाहेरच्याच्या येत नाहीत. बोअरचे घातले. नवाची तिप्पट सत्तावीस, तुम्ही मोजले तीस. जुळत नाही. उत्तरेला तीस मीटरवर हद्द पूर्वेला दहावर लागते आणि बोअर नवावरच आहे, म्हणजे मीटरभर तुमच्याकडे.

जिंकलात. आता बन्सीकाकांकडे कुठल्या तोंडानं चहाला जाऊ, ते तेवढं कळवा. आशीर्वादात कपात नसावी.

आपली, मोनिका

बिडकीन, १८ जानेवारी

चि. मोनिकास आशीर्वाद.

तुझं पत्र सुरेखाकडं धाडलं. बन्सी एका शब्दानं बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बोअरवरची स्वतःची मोटर काढून घेऊन गेला. मला वाटलं होतं लई बरं वाटंल. नाही वाटलं.

सुरेखानं एकदाच विचारलं, माप नीट घेतलं होतं का म्हणून. मला राग आला. आंघोळ करून, चपला काढून मोजलं होतं. देवाला पाय लागू नये, टेप शिवू नये, म्हणून दगडाच्या पूर्वेला मीटरभर जागा सोडून तिथून टेप धरला. इतकं सोवळं पाळणारा माणूस लबाडी करील का? रविवारी माझी मोटर बसवतो. खुशाली कळवत जा.

सांडूकाका

छत्रपती संभाजीनगर, २२ जानेवारी

ती. काकांस सा. न. वि. वि.

मोटर बसवू नका. सोडलेला तो मीटर मापात धरायला हवा. बोअर पूर्वेला नवावर नाही, दहावर आहे. दहाची तिप्पट तीस. तो नेमका रेषेवर आहे, दोघांचा. माप कुठून धरलं हे मी आधीच विचारायला हवं होतं. पोरांना रोज तेच सांगते. फार वाईट वाटतंय. रागावलात तरी पत्र लिहा.

मोनिका

बिडकीन, २८ जानेवारी

चि. मोनिकास आशीर्वाद.

पत्र घेऊन मी स्वतः बन्सीच्या घरी गेलो. त्यानं वाचलं आणि म्हणाला की त्याला ठाऊक होतं. त्यानं दगडाला टेप टेकवूनच मोजलं होतं. मग गप का बसला, असं मी विचारलं. तो म्हणाला, भांडायचं त्राण उरलं नव्हतं. शिवाय बोअर माझा झाला असता, तर पाणी सोडायला मी रोज तिकडं गेलो असतो आणि त्याला त्याच्या रानातून दिसलो तरी असतो.

सुरेखानं चहा दिला, तो घेतला.

सांडूकाका