मछलियों को कुछ न खिलाएँ

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. रोज म्हणजे रोज.
वैजयंती मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. नव्या प्रिन्सिपल. २६ तारखेला इन्स्पेक्शन. सायन्सचं काही दाखवण्यासारखं उभं केलंत तर पुढच्या सत्रात पक्क्या नोकरीसाठी तुमचं नाव वर पाठवते म्हणाल्या. अकरा वर्षं मी अतिथी शिक्षक. अकरा वर्षं पाहुणा कोणाच्या घरी राहतो का? हे मॅडमना ऐकवलं. मनातल्या मनात.
प्लॅन तयार आहे. जिवंत इकोसिस्टम! नाव पक्कं समजायला हरकत नाही. बायकोला, मोनालीला, तसं सांगूनही टाकलं.

४ नोव्हेंबर
काचेची टाकी, तळाशी माती, हायड्रिला, चार गोगलगायी, तापीतले सहा मासे. ऊन हवं म्हणून गेटजवळच्या व्हरांड्यात ठेवली. सूर्याची ऊर्जा वनस्पती धरतात, मासे वनस्पती खातात, मेलेलं-कुजलेलं बॅक्टेरिया खातात, त्याचं खत पुन्हा वनस्पतींना. बाहेरून दाणासुद्धा घालायचा नाही. शिपाई देवराम विचारतो, सर, मंग यायले खायले कोन देईन? हसलो. बारावीच्या जीवशास्त्राचा विषय आहे हा.

५ नोव्हेंबर
खबरदारी म्हणून पाटी रंगवून टाकीवर लावली. मछलियों को कुछ न खिलाएँ. लाल अक्षरं. रस्त्यावरूनही वाचता येते.

७ नोव्हेंबर
पाण्यात कणकेच्या गोळ्या. वर्गाला झापलं. पोरांनी आईची शपथ घेतली.

१० नोव्हेंबर, दुपारी
गोळ्या वाढल्या. देवरामने उलगडा केला. मासे आहेत हे पाटी लागेपर्यंत आमच्या इतवारा मोहल्ल्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. माशांना कणीक घालायची तर तापीच्या घाटापर्यंत रिक्षा करावी लागते. शाळा वाटेवरच आहे. तो म्हणतो, सर, पुन्याचं काम आहे, तुम्ही कायले रोकून राहिले?
पाटी दुप्पट मोठी करून घेतली.

१३ नोव्हेंबर
मोठ्या पाटीने गर्दी वाढली. लोक वाचत नाहीत, हीच या देशाची अडचण.
पाणी दुधाळ झालंय. प्लँक्टन असणार. उत्तम लक्षण! मासे सारखे वर येऊन तोंड उघडतात. मला ओळखायला लागलेत.

१५ नोव्हेंबर
वर्गात दहा टक्क्यांचा नियम घेतला. खालच्या पायरीवरची दहा टक्केच ऊर्जा वरच्या पायरीला पोचते, बाकी उष्णता होऊन जाते. पोरांचे चेहरे पाहता माझ्या शिकवण्यालाही हाच नियम लागू आहे. उष्णता मात्र भरपूर झाली, पंखा बंद होता.
बायोमचा, म्हणजे जगभरच्या जीवप्रदेशांचा, तक्ता लावला. मॅडमनी विचारलं, यात आपलं बुऱ्हाणपूर कुठे? पानझडी जंगल म्हणालो. त्या खिडकीतून केळीच्या बागेकडे बघत राहिल्या.

२० नोव्हेंबर, अमावस्या
गेटपासून रांग. देवरामला म्हटलं, गेट लाव. तो म्हणाला, लावतो, पन पाप कोन घेईन ते लिहून द्या. रांगेत वैजयंती मॅडम. शनीची साडेसाती चालू आहे म्हणाल्या आणि चार गोळ्या टाकल्या. मी त्यांना वाट करून दिली. संयमही एक गुण आहे.
संध्याकाळी एक मासा गेला. नैसर्गिक निवड.

२२ नोव्हेंबर
आणखी दोन. वास येतो.
खरं लिहितो, इथे कोण वाचतंय. प्लँक्टन वगैरे काही नाही. कणीक कुजली, बॅक्टेरिया माजले, त्यांनी पाण्यातला ऑक्सिजन संपवला. मासे मला बघायला नाही, श्वास घ्यायला वर येतात. हे मीच दरवर्षी शिकवतो. पाणी बदलावं का? पण मग टाकी स्वयंपूर्ण कसली? तत्त्व सोडणार नाही.
उद्या पहाटे सहापासून स्वतः पहारा देणार.

२३ नोव्हेंबर
साडेआठला जाग आली. थंडी होती.

२६ नोव्हेंबर, बुधवार
सगळे मेले. गोगलगायीसुद्धा.
साहेब आले. मासे कुठेत, विचारलं. सर, ते सध्या विघटकांच्या पातळीवर आहेत, म्हणालो. आणखीही बोललो, बराच वेळ. साहेब नाकाला रुमाल लावून ऐकत होते. मग खिशातून कागदाची पुडी काढली. कणकेच्या गोळ्या. ड्रायव्हरने सांगितलं होतं, शाळेत मासे आहेत, घाटावर जायला नको. पुडी तशीच खिशात परत ठेवली.
मॅडम नंतर एवढंच म्हणाल्या, पुढच्या सत्राचं पुढच्या सत्रात बघू. म्हणजे नाही.
सुटल्यावर देवरामला धरलं. मासे कोणी मारले, नावं सांग, आज मी कोणाला सोडणार नाही. तो आधी टाळत होता. मग म्हणाला, सर, सगळ्यात पहिले तर रोज तुमच्याच घरच्या मॅडम येतात. सहाच्या आधी. डबा भरून. कोना महाराजांनी त्यायले एकवीस दिवस सांगितले, तुमची नोकरी पक्की होण्यासाठी. आज एकविसावा होता. मासे उलटे पडलेले, तरी त्यांनी गोळ्या टाकल्या, हात जोडले. मले म्हणाल्या, सरांना सांगू नका.

रात्री
मोनालीने शिरा केला होता. साहेब काय म्हणाले, विचारत होती. चांगलं झालं, म्हणालो. तिचा चेहरा असा फुलला की मला ताटातलं दिसेना. रडू आलं. वेलची घशात गेली म्हणून सांगितलं.

२७ नोव्हेंबर, सकाळी
ऑर्डर हातात पडेपर्यंत खंड नको, म्हणून तिने आजपासून मुंग्यांना साखर घालायचं ठरवलंय. एक्केचाळीस दिवस. मी विज्ञानाचा शिक्षक. समजावून सांगायला बाहेर गेलो. ती ओट्याच्या कडेला वाकून वारूळ शोधत होती, सापडत नव्हतं.
मीच दाखवलं. पायरीच्या मागे, डाव्या हाताला.