काशीला काय सोडलंस

आई, आमच्या शाळेतली एक बाई पुढच्या आठवड्यात सासूला घेऊन काशीला निघाली आहे. "तुम्ही जाऊन आलात ना, काय काय बघायचं ते लिहून द्या," म्हणाली. म्हणून संध्याकाळी वही घेऊन बसले. सारनाथ लिहिलं, रामनगरचा किल्ला लिहिला, घाटावरची जुनी वेधशाळा लिहिली आणि पुढे हात चालेना. तू आम्हाला सोडून गेलीस त्याला अकरा वर्षं झाली. यादी बाजूला राहिली आणि मी तुलाच लिहायला बसले.

तुला काशी दाखवायची म्हणून मी नेलं, असं तू गावभर सांगितलंस. खरं कारण तुझ्या जिभेखालचा तो फोड. चार महिने झाले तरी भरत नव्हता. वसईच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, मशेरी आजपासून बंद. तू मान डोलावलीस आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता मला विचारलंस, "तंबाखूचं दुकान उघडं असंल का गं?" कपाळ माझं! मी डबी लपवली, दादा ओरडला, वहिनीने हात जोडले. तू आपली तव्यावर तंबाखू भाजत बसलेली. तेव्हा मला काशी सुचली. काशीला गेलं की एक आवडती वस्तू सोडायची, आणि सोडली की मरेपर्यंत तिला शिवायचं नाही. डॉक्टरला तू फसवशील, मला फसवशील, पण गंगेला दिलेला शब्द मोडणारी तू नव्हेस. दिवाळीची सुट्टी लागली तशी दोन तिकिटं काढली.

इतिहासाची बाई ना मी, तीन दिवस तुला पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरवली. सारनाथला त्या अवाढव्य स्तूपासमोर उभी राहून मी व्याख्यान देते आहे आणि तू विटांवर हात फिरवत म्हणतेस, "हा तं आपला बुरुड राजाचा कोट! ह्यो मोठा हाय, येवढंच." तुझं माहेर सोपाऱ्याचं. तिथल्या स्तूपाला तुम्ही कोटच म्हणायचात. "तिकडं आमी बकऱ्या सोडायचो," असं तू मोठ्याने सांगितलंस. शेजारची माणसं वळून बघायला लागली आणि मी तुला दटावलं, "आई, हळू बोल, लाज आणतेस." तू विटांवरचा हात काढून घेतलास. आज वर्गात सोपाऱ्याचा धडा शिकवताना मुलांना मी तुझ्या बकऱ्यांचीच गोष्ट सांगते, आणि मुलांच्या लक्षात तेवढीच राहते.

शेवटच्या दिवशी सकाळी घाटावर गेलो. तिथल्या मराठी गुरुजींना मी आधीच गाठून ठेवलं होतं. "आईंना मशेरीचं सुचवा," असं सांगितलं होतं. त्यांनी सुचवलंही. तू त्यांच्याकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि माझा हात धरून पाण्यात उतरलीस. पाणी बर्फासारखं. तीन बुड्या मारल्यास, ओठ हलले. वर आलीस तेव्हा मी विचारलं, "सोडलीस?" "सोडली," म्हणालीस. मला इतका आनंद झाला की ओल्या अंगानेच तुला मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीत जाग आली तर तू बेसिनपाशी उभी, बोट तोंडात, काळा फेस. माझ्या नाकावरचा राग तुला माहीतच आहे. मी तिथेच बडबड सुरू केली. तू शांतपणे चूळ भरलीस. "मी सुकेळी सोडली," म्हणालीस. सुकेळी! राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, सुक्या पानात बांधायची, हे आपल्या निर्मळ गावात तुझ्याइतकं कुणाला जमत नव्हतं आणि तुझ्याइतकं ती खाणारंही कुणी नव्हतं. "आवडतं द्यायचं असतं गं," तू मलाच समजावायला लागलीस. "गंगामायला मशेरी देऊ? रोगाची वस्तू? देवाला कोनी घान देतं का?" मी म्हणाले, "मग मर." तू हसलीस. "मरेन की. तू आधी च्या पी."

वसई स्टेशनवर दादा तुला न्यायला आला होता. मी तुझी पिशवी त्याच्या हातात दिली आणि एक शब्द न बोलता एव्हरशाईनला माझ्या घरी निघून गेले. घरून निर्मळ किती लांब? रिक्षाने अर्धा तास. दीड महिना मी आले नाही.

आले तेव्हा तू स्वयंपाकघरात सुकेळी बांधत बसली होतीस. एकही तोंडात न टाकता. गाल एका बाजूने सुजला होता. मला बघून उठलीस, पाट दिलास आणि लहान मुलीसारखी म्हणालीस, "मी डबी चुलीत टाकली. गंगेला घान देता येत नाय. तुला देता येते, तू माझी हायस." मग माझा चेहरा बघून तूच मला सावरलंस. "तुला कोन सांगनार? म्हनून तू आली नाय. ठावं असतं तं धावत आली असतीस." मी म्हणाले, "हो गं, मला कुठे ठाऊक!" दुसऱ्या दिवशी तुला मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. "इतके दिवस का थांबलात?" त्यांनी विचारलं. तू पटकन म्हणालीस, "लेकीला सुट्टी नव्हती."

पुढची दिवाळी तू पाहिली नाहीस. तोवर मी रोज येत होते, तुझं सगळं करत होते, आणि बायका म्हणायच्या, लेक असावी तर अशी. मी ऐकून घेत होते.

आता हे लिहितेच, कारण हा कागद कुणाच्या हाती पडायचा नाही. काशीहून आल्यावर आठव्या दिवशी वहिनीचा फोन आला होता. "ताई, आईंनी डबी चुलीत टाकली. फोड वाढलाय, पण तुमच्याशिवाय डॉक्टरकडे जायचं नाही म्हणतात. तुमची वाट बघतात." मी म्हणाले, "तिला स्वतः फोन करू दे." तुला तर नंबर फिरवताही येत नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशी मी बसून राहिले. वहिनीने तुला ते कधीच कळू दिलं नाही, आणि मीही नाही.

मला ठाऊक होतं, आई.