सोबतीला आलेली उमेदवार

प्रिय भिंगरी,

फोन तू उचलत नाहीस, आणि आत्या उचलते ती फक्त तू अंघोळीला गेली आहेस एवढंच सांगायला. इतक्या अंघोळी तू जन्मात केल्या नव्हत्यास. म्हणून पत्र लिहितेय. ते तू फाडणार नाहीस याची मला खात्री आहे. लिहिलेलं काही समोर आलं की शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तुझा जीव राहत नाही; लहानपणी औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर तू तळापर्यंत वाचायचीस, फक्त औषध तेवढं घ्यायची नाहीस. तेव्हा रागात असलीस तर रागातच वाच. मीही काही फार गोड मनःस्थितीत लिहायला बसलेली नाही.

घरी सगळं जागच्या जागी आहे. बाबा माझ्याशी कामापुरतं बोलतात, म्हणजे किल्ली कुठे आहे आणि चहा झाला का, एवढंच. तुझ्या खोलीतली खिडकी मी रोज उघडते. प्रयोगशाळेत नव्या हंगामाचं बियाणं येऊन पडलंय, त्यामुळे दिवसभर ओल्या कागदावर दाणे ओळीने मांडायचे, कागद गुंडाळून उबेच्या कपाटात ठेवायचे आणि आधीच्या गुंडाळ्या उघडून कोणते उगवले, कोणते नाही ते टिपायचं. मान दुखते. पण तुला आठवतं ना, अशाच दुखऱ्या मानेने मी संध्याकाळी घरी यायचे आणि तू दारातच विचारायचीस, "आई, पाकिटं आणलीस?"

गेल्या वर्षीच्या परीक्षेनंतर तू किती दिवस आरशात बघितलं नव्हतंस. पीएचडीच्या प्रवेश परीक्षेत विषयाचा पेपर तुला सुरेख गेला होता, पण इंग्रजीत शब्दांचे अर्थ आले आणि तुझा हात गोठला. चार पर्याय समोर आणि चारही बरोबर वाटत होते, असं तू रडत रडत सांगितलंस. यंदा बसायला तयार झालीस ती दोन अटींवर. रोज शब्द मी विचारायचे, आणि परीक्षेला मी सोबत यायचं. सोबत म्हणजे फाटकापर्यंत नाही, आत हॉलमध्ये. आत जायचं तर उमेदवार व्हायला हवं, आणि उमेदवार व्हायला पदव्युत्तर पदवी हवी. ती माझ्याकडे होती, तुझ्याच विषयाची, वनस्पतिशास्त्राची, कपाटात चादरींच्या खाली. अर्ज तूच भरलास माझा. बाबा म्हणाले, "वा, एकावर एक फुकट!" आत्याने सगळ्या नात्यागोत्यात बातमी पोचवली की बघा, आई कशी असते, लेकीला भीती वाटते म्हणून स्वतः परीक्षेला बसतेय. त्या दिवसापासून घरात माझं नावच 'सोबत' पडलं. कौतुकानेच म्हणायचे सगळे, आणि खोटं कशाला बोलू, मीही ते मिरवलं.

बियाण्याच्या रिकाम्या पाकिटांवर तू शब्द लिहायचीस आणि कपड्यांच्या घड्या घालता घालता आपला सराव चालायचा. पद्धत तुझी होती. अर्थ नुसता पाठ करायचा नाही, ओळखीच्या माणसाबद्दल त्या शब्दाचं एक खरं वाक्य करायचं. खोटं वाक्य बाद. गॅर्युलस, म्हणजे अखंड बडबड करणारी, हा शब्द आत्याशिवाय दुसऱ्या कोणाला शोभलाच नसता. फ्रूगल, म्हणजे काटकसरी, तो बाबांना मिळाला, कारण आपण खोलीत बसलेल्या असताना ते येऊन दिवा मालवून जातात. प्रोक्रॅस्टिनेट, म्हणजे आजचं काम उद्यावर ढकलणं, त्यासाठी आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम होत्या. त्यांच्या टेबलावर सहीसाठी ठेवलेल्या अहवालावर धूळ बसते. किती हसायचो आपण! आणि नियम असा की समोरचीचं वाक्य ऐकलं की ते बरोबर की चूक हे सांगायचंच, मग भांडण असो की अबोला. तू केस बारीक कापून आलीस तेव्हा आपण एकमेकींशी बोलत नव्हतो. मी मुद्दाम स्वयंपाकघरातून एक वाक्य मोठ्याने म्हटलं, आणि तू बाथरूममधून ओरडलीस, "चूक! पुन्हा कर!" अबोला तिथेच संपला. दार उघडल्यावर तुझ्या तोंडाला साबण तसाच होता.

एक दिवस रिलिंक्विश हा शब्द आला. आपला हक्क, हातात आलेली गोष्ट आपण होऊन सोडून देणं. तू हातातल्या टॉवेलची घडी न थांबवता म्हणालीस, बाबांच्या बदलीसाठी आईने तिचं संशोधन रिलिंक्विश केलं. वाक्य खरं होतं. मी म्हटलं, बरोबर. मग फोरगो आला, म्हणजे एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणं, त्यातही आई. यील्ड, नमतं घेणं, आई. मग अ‍ॅस्पायर आला, मोठी आकांक्षा धरणं, तेव्हा तू स्वतःला घेतलंस. अ‍ॅम्बिशस, महत्त्वाकांक्षी, तो मामाला दिलास. सोडण्याचा, देण्याचा, मागे राहण्याचा कुठलाही शब्द निघाला की तू क्षणभरही विचार न करता आई म्हणायचीस, आणि मी दर वेळी बरोबर म्हणायचे, कारण वाक्य खरंच असायचं. तुझ्या मनात काही वाकडं नव्हतं हे मला समजत होतं. त्या शब्दांना उदाहरण शोधावं लागू नये इतकी मी हाताशी होते. पण मला ते लागलं, भिंगरी. रागही आला. तुझा नाही आला असं लिहिणार होते, पण तुझाही आला.

त्यानंतर मी खरोखरीची अभ्यासाला लागले. दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला सारून विषयाची पुस्तकं काढायला लागले. दाणे मांडताना मनातल्या मनात वाक्यं करायला लागले, सगळी माझ्यावरच, पण वेगळ्या शब्दांची. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं मी काहीतरी जप सुरू केला आहे. मी हे लपवलं नव्हतं. कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण 'सोबत' अभ्यास करते का, हे विचारायचं कोणाला सुचलंच नाही, तुलासुद्धा नाही.

परीक्षेच्या दिवशी तू माझ्या पुढच्या बाजूला बसली होतीस. तुझी मान मला दिसत होती. सुरुवातीला मी तुझ्याकडेच बघत होते, तू लिहिते आहेस ना, हात थांबला नाही ना. मग माझी प्रश्नपत्रिका उघडली. पहिला शब्द ओळखीचा निघाला, दुसराही, आणि एका शब्दापाशी तर आत्या उभीच राहिली डोळ्यांसमोर, तोंडाचा पट्टा चालू ठेवून. मला हसू आलं. पर्यवेक्षकांनी बघितलं. आणि नंतर मी तुझ्याकडे बघायचं विसरले. सोबत म्हणून आले होते आणि वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत तू हॉलमध्ये आहेस हेच माझ्या डोक्यात नव्हतं. याची मी माफी मागणार नाही. कित्येक वर्षांत मला इतकं सुख झालं नव्हतं.

मुलाखतीला दोघींनाही बोलावणं आलं तेव्हा तू मला मिठी मारलीस, आठवतंय ना? ती मिठी खरी होती, ती मी धरून ठेवली आहे. आत काय झालं ते मात्र तुला कधी सांगायला मिळालं नाही. मी त्यांना सांगितलं की ठरलेल्या मुदतीत जे दाणे उगवत नाहीत ते आम्ही मेलेले धरतो आणि टाकून देतो. मी त्यातले काही माझ्या खिडकीत ठेवले आणि बरेच मागाहून उगवले. ते का, आणि कोणते, हे मला शोधायचं आहे. एक सर हसून म्हणाले, "म्हणजे तुमच्यासारखेच की, उशिरा उगवलेले!" बाकीचे हसले. मी म्हटलं, "सर, आपण बियाण्याबद्दल बोलू या." मग पुढचा बराच वेळ आम्ही खरंच बियाण्याबद्दल बोललो.

आणि मग ती यादी. तू पुढे, मी चष्मा शोधत मागे. निवड झालेल्यांत शेवटचं नाव माझं होतं, खाली एक रेघ, आणि रेघेखाली प्रतीक्षा यादीतलं पहिलं नाव तुझं. तू वळलीस आणि मला इंग्रजीत कॉन्ग्रॅच्युलेशन्स म्हणालीस. आपल्या घरात अभिनंदन असं कोणी कोणाचं इंग्रजीत करत नाही. त्याच संध्याकाळी तू बॅग भरून आत्याकडे गेलीस.

पुढचं तुला ठाऊक असेल किंवा नसेल, पण माझ्या तोंडून ऐक. कोणी मला विचारलं नाही. सगळे धरूनच चालले होते. बाबा फोनवर आत्याला सांगत होते, "काढून घेईल ती नाव, तिला काय करायचंय आता," आणि मी तिथेच उभी होते, त्यांच्या शर्टाला इस्त्री करत. आत्या मला म्हणाली, "वहिनी, तुमचं मन मोठं आहे, मला माहितीये." मॅडमनी तर पीएचडीसाठी मागितलेली माझी रजा नामंजूर करायचीही तसदी घेतली नाही, म्हणाल्या, "मुलीचं मार्गी लागलं की याची गरजच नाही ना?" सगळे किती प्रेमाने बोलत होते! कोणी एकाने जरी डोळे वटारले असते तर मला सोपं गेलं असतं.

आणि तू. तू मागितलं नाहीस, हे मी कोणालाही शपथेवर सांगेन. पण नको असंही तू म्हणाली नाहीस. तू फक्त अंघोळीला जात राहिलीस.

मी दोन्ही बाजूंनी विचार केला, अगदी मनापासून. तू अजून लहान आहेस, तुझ्यापुढे वर्षं पडली आहेत, माझ्यापुढे तेवढी नाहीत. हे कारण मी स्वतःला देऊन बघितलं. आईच्या उपकारावर मिळालेली जागा तुला आयुष्यभर टोचेल, हेही देऊन बघितलं. दोन्ही कारणं चांगली आहेत, पण माझं कारण ती नाहीत. त्यामुळे हे मी तुझ्या भल्यासाठी केलं असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर पुन्हा माझं नाव त्याच जुन्या शब्दांपुढे जाईल. ती जागा मला हवी आहे. मी ती परीक्षा देऊन मिळवली आहे, आणि ज्या शब्दांवर मिळवली ते शब्द तूच माझ्याकडून घोटून घेतलेस. तुझं मन दुखलंय, ते मला दिसतंय. तरीसुद्धा हवी आहे.

काल मी विद्यापीठात जाऊन प्रवेश घेतला. कागद बघणाऱ्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "मुलीचा प्रवेश का?" मी म्हटलं, "आईचा." आता तुझ्या रेघेवरचं नाव हलणार नाही. हे तुला आत्याकडून कळू नये, आणि फोनवर मला अपराध्यासारखा आवाज काढायचा नव्हता, म्हणून हे पत्र. पुढच्या वर्षी परीक्षा आहेच. पाकिटं तुझ्या टेबलावर आहेत, मी नवीही आणून ठेवली आहेत, आणि शब्द विचारायला मी रोज संध्याकाळी घरी असेन. हॉलमध्ये मात्र या वेळी तुला एकटीने बसायचं आहे, आणि तू बसशील. जाता जाता एक काम. तुझं रिलिंक्विशचं जुनं वाक्य आता बाद झालं आहे, त्याच्या जागी हे घे: सगळ्या घराने गृहीत धरलं होतं, तरी माझ्या आईने तिची जागा रिलिंक्विश केली नाही. ओळखीच्या माणसाबद्दल आहे आणि खरं आहे. बरोबर की चूक हे सांगणं तुला भाग आहे, अबोला असला तरी. नियम तुझाच आहे. फोन मी हाताशी घेऊन बसले आहे.

तुझीच,
यादीत तुझ्या एक नाव वर असलेली,
आई