लिओटाचा रंग

शनिवार, १ ऑक्टोबर १९३८

ही कोण बया? दर शनिवारी छापून येणाऱ्या माझ्या कथेच्या डोक्यावर चित्रात आणून बसवलेली! मी लिहिलं होतं — लिओटा, कोळशासारखी काळी, रुंद नाकाची आणि सगळ्या गल्लीत देखणी. छापलंय काय, तर केस सरळसोट, नाक सुरीसारखं, रंग दुधात बुडवून काढलेला. शेजारच्या रकान्यात गोरं करणाऱ्या क्रीमची जाहिरात — त्यातही हीच! एका चित्राचा खर्च वाचवला मेल्यांनी. आणि हा म्हणे शिकागोतल्या काळ्या माणसांचा हक्काचा पेपर.

आई खूश. "अगं व्हर्लीन, किती गोड काढलीय! तूच उगाच तिला काळी करून ठेवली होतीस."

सोमवार, ३ ऑक्टोबर

शाळेत शिकवून झाल्यावर तडक संपादकांकडे. पेटिफर्डसाहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "मिस टगल, आपल्या बायका आठवडाभर गोऱ्यांच्या घरी फरश्या घासतात. शनिवारी तरी त्यांना काही सुंदर बघू द्या की!"

"मग आरसा बघू द्या," मी म्हटलं.

हसले! मोठा विनोद केल्यासारखे. स्वतः दौतीतल्या शाईइतके काळे, पण बायको शोधून शोधून लोण्याच्या रंगाची आणली. हे मला सौंदर्य शिकवणार!

शनिवार, ८ ऑक्टोबर

या खेपेला प्रत्येक परिच्छेदात तिचा काळा रंग घातला होता. बघू म्हटलं कसा लपवतात. सगळा कापला! अख्ख्या प्रकरणात 'काळा' हा शब्द एकदाच उरलाय — तिच्या बुटांना.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

आज सरळ सांगून आले, पुढचं प्रकरण मिळणार नाही. नायक तुरुंगात अडकलाय, वाचकांचा जीव टांगणीला लागलाय. साहेबांचा चेहरा पडला. मग गोडीत आले. "चित्रच नको. त्या जागी तुमचा फोटो छापू. लिओटा कोणासारखी आहे ते लोकांना आपोआप कळेल."

कबूल केलं. भांडण लिओटासाठी होतं, हे खरंच. पण मलाही हवं होतं. तेहेतीस वर्षांची झाले, माझ्याकडे बघून कोणी 'छान' म्हटलेलं मला आठवत नाही. लहानपणी आई माझ्या नाकाला कपड्यांचा चिमटा लावून मला झोपवायची, बारीक व्हावं म्हणून. नाकाने काही ऐकलं नाही. आता सगळ्या शहराला दिसू दे. एकाने जरी म्हटलं ना, ही बाई देखणी आहे, तर जिंकले मी!

बुधवार, १२ ऑक्टोबर

फोटो काढून दिला. पावडरचा कणसुद्धा लावला नाही.

शनिवार, १५ ऑक्टोबर

नाव माझं. कॉलर माझी. थोबाड त्या क्रीमवालीचं!

कोपऱ्यावरच्या दुकानातून पेटिफर्डला फोन केला. "थोडा ब्रश फिरवलाय, मिस टगल. सगळ्यांच्याच फोटोवर फिरवतो, पाद्रीबाबांच्याही. मला वाटलं, तुम्ही आभार मानायला फोन केलात."

आभार! भर दुकानात मी त्याला जे जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुकानदार वजन करायचं सोडून ऐकत राहिला. ऐकू दे. भित्रे सगळे! गोऱ्यांनी आपल्याला कुरूप म्हणायची गरजच काय, आपणच ते काम इतकं मन लावून करतो. एक ओळ देणार नाही यापुढे. कुजू दे त्यांचा नायक तुरुंगात.

आई कात्री शोधत होती. कशाला, ते विचारायची शुद्ध मला कुठे होती!

रविवार, १६ ऑक्टोबर

चर्च सुटल्यावर आई नव्या पाद्रीबाबांच्या बायकोला भेटायला थांबली. बाई परवाच डेट्रॉइटहून आल्यात, इथलं कोणी ओळखीचं नाही. मी आईचा कोट घेऊन मागे उभी होते.

आईने पर्समधून कात्रण काढलं. "माझी मुलगी. पेपरात गोष्टी लिहिते." आवाजात काय अभिमान होता! माझ्याबद्दल तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"किती सुंदर हो!" बाई म्हणाल्या. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. "आणि या?"

कात्रण त्यांच्या हातातच होतं. आईने माझ्याकडे पाहिलं नाही.

"ही होय? ही आमच्याकडे कामाला असते."

बाईंनी मला हसून विचारलं, "नीट वागवतात का मालकीणबाई?"

मी म्हणाले, "हो, बाईसाहेब."